सांतियागोचं घड्याळ

मे महिन्यात बँकेचं पत्र आलं:
जुनं अ‍ॅप तीस तारखेला बंद,
नवं घ्या, सगळी खाती तिकडे न्या.
जणू मेंढरंच, या कुरणातून त्या कुरणात हाकायची.

मी इर्मा ओयार्सो.
पुंता आरेनासच्या लोकर सोसायटीचा हिशेब
बावीस वर्षं माझ्याकडे आहे.
खाती मोजली, अकरा निघाली.
बँक, कर कार्यालय, जहाज कंपनी, वीज, दोन ईमेल,
असं करत करत शेवटी एक नुसतंच ‘लाना २’.
कुणी उघडलं, कशासाठी, देव जाणे.

जुन्या फोनवर सहा आकडे,
शेजारी एक वर्तुळ, स्वतःलाच कुरतडत संपणारं.
तीस सेकंद.
थंडीनं बोटांची लाकडं झालेली,
चौथ्या आकड्याला चष्मा घसरतो,
पाचव्याला वर्तुळ लाल.
एकदाचे सहाही टाकले.
चूक.
पुन्हा टाकले. चूक.
तिसऱ्या खेपेला बँकेनं मलाच विचारलं, तुम्ही कोण?

बाहेर सामुद्रधुनीचा वारा छपराचा पत्रा
उचलून उचलून बघत होता.
मी यर्कोला हाक मारली.
तो गासड्या बांधतो, पण फोनच्या पोटातलं त्याला कळतं.
हात लोकरीच्या मेणानं चिकट,
म्हणून त्यानं कोपरानंच दार लोटलं.
फोन पाहिला. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
“दोन्या इर्मा, याची वेळ तुम्ही हातानं लावलीत?”

लावली होती. मग काय करणार?
एप्रिलात सांतियागो घड्याळ तासभर मागे घेतं,
आम्ही घेत नाही.
इथे हिवाळ्यात उजेड मुळातच चिमूटभर,
तो सकाळी सांडायचा की दुपारी
एवढं तरी आमचं आम्ही ठरवतो.
पण या फोनला अजून वाटतं, मी सांतियागोत राहते.
त्यानं तास मागे नेला,
मी तो कान धरून पुढे आणला.
ऑफिसातला संगणक ओळखीचा,
म्हणून महिनाभर कुणी आकडेच मागितले नव्हते.

यर्को म्हणाला,
“आत एक गुपित असतं आणि एक घड्याळ.
दोघं मिळून सहा आकडे शिजवतात.
तुम्ही तोंडावरची वेळ बरोबर केलीत,
पोटातली बिघडली.
हा तुम्हाला तासाभरानंतरचे आकडे देतोय.”

म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,
फक्त फार लवकर बोलत होते.
माझ्या नवऱ्याची तक्रार तरी दुसरी काय होती?

मी वेळ फोनच्या हवाली केली.
भिंतीवर सव्वाअकरा, फोनवर सव्वादहा.
सहा आकडे टाकले आणि बँक म्हणाली,
स्वागत आहे, इर्मा.

मग एकेक खातं.
पडद्यावर ठिपक्यांचा चौकोन उगवायचा,
नवा फोन तो टिपायचा,
यर्को वहीत खूण करायचा, चिकट बोटानं.
दुपारी तीनच्या आत दहा झाली, मध्ये एकदा माते.
‘लाना २’चं दार मात्र कुठेच सापडलं नाही.
जुना फोन तिचे आकडे अजून देतो, दर तीस सेकंदांनी,
कात्रीच्या खणात पडल्या पडल्या,
सांतियागोच्या वेळेनं.

शेवटी नव्या अ‍ॅपनं बजावलं:
फोन हरवला तर हे दहा आकडे लागतील,
सुरक्षित जागी लिहून ठेवा.
सुरक्षित म्हणजे, माझ्या मते, कंटाळवाणी.
मी ते गासड्यांच्या वहीत उतरवले,
शिसपेन्सिलनं, वजनाच्या रकान्यात.

जूनमध्ये तपासनीस आला.
बोट रकान्यावरून खाली खाली आलं आणि थांबलं.
“बाई, ही चार लाख त्र्याऐंशी हजार
नऊशे एकवीस किलोची गासडी
कुठल्या मेंढीची?”

मी पेन्सिलीचं टोक बघत राहिले.
यर्को दारात उभा होता, खांद्यावर पोतं.
चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाला,
“ती अजून कातरायची आहे, साहेब.”